दप्तर आणि डेटाबेस

गावच्या महसुली दप्तरात एकाच जमिनीची हकिगत निरनिराळ्या नमुन्यांत लिहून ठेवण्याची रीत आहे. सात-बारा हा गट क्रमांकाप्रमाणे लावलेला असतो. अमुक गटाचा धारक कोण, क्षेत्र किती, त्यात पीक कोणते घेतले, हे त्यावरून कळते. आठ-अ हा नमुना मात्र खातेदारवार असतो. अमुक माणसाच्या नावावर गावात एकंदर जमीन किती आणि तिचा आकार किती, हे तो सांगतो. दोहोंच्या मुळाशी गोष्ट एकच आहे : ही जमीन या माणसाची. मग नमुने दोन कशासाठी? प्रश्न दोन आहेत म्हणून. हाती गट क्रमांक घेऊन येणाऱ्यासाठी एक वही आणि हाती नाव घेऊन येणाऱ्यासाठी दुसरी. हाताने लिहिलेल्या दप्तराच्या काळी कोणी तिसराच प्रश्न घेऊन आला, दोन एकरांहून कमी जमीन असून जिच्यात विहीर आहे असे खातेदार किती, असे विचारू लागला, तर साऱ्या वह्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळण्यावाचून गत्यंतर नसे. खातेदार मरण पावला म्हणजे वारसांची नोंद आधी फेरफाराच्या वहीत व्हावयाची, मग सात-बारावर आणि मग आठ-अ मध्ये. यांतले एखादे लिहावयाचे राहून गेले की एकाच कचेरीतले दोन कागद परस्परविरुद्ध बोलू लागत, आणि त्या विसंगतीपायी वारसांना किती खेपा घालाव्या लागत हे ग्रामीण भागातल्या माणसांस सांगावयास नको.

संगणकाच्या जगात फाइल आणि डेटाबेस असे दोन शब्द आपल्या कानांवर वारंवार पडतात. त्यांतला भेद यंत्राच्या लहानमोठेपणाचा नाही. तो या दप्तरातलाच आहे. लिहून ठेवलेली माहिती टिकते खरी, परंतु ज्या प्रश्नासाठी ती लिहिली त्या प्रश्नाला ती जखडली जाते. हे जखडणे सैल करण्याचा जो खटाटोप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, त्याची ही हकिगत आहे.

‘फाइल’ हा शब्दच मुळी दोऱ्यावरून आला. लॅटिन भाषेत ‘फिलुम’ म्हणजे दोरा. युरोपातील कारकून कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवीत, त्यावरून कागदांच्या जुडग्याला हे नाव पडले. आपल्याकडे कागद फडक्यात बांधीत, म्हणून पुण्याच्या पेशवे दप्तरात गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. हे रुमाल राज्यकारभाराच्या आणि पुढे इंग्रजी अमलात इनामांच्या चौकशीच्या सोयीने लावलेले होते. इतिहास लिहिणाऱ्याच्या सोयीने नव्हेत. त्यामुळे मोहिमेवरचे एखादे पत्र हवे असेल तर हिशेबाचे रुमाल सोडून पाहावे लागत. रियासतकार गो. स. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी यांनी या कागदांतून निवड करून १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ भाग प्रसिद्ध केले. त्यांचे पुष्कळसे श्रम वेगळ्या हेतूने बांधलेल्या गठ्ठ्यांना नवा प्रश्न विचारण्याचे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या कामी यंत्राची मदत प्रथम अमेरिकेतील जनगणनेने घेतली. १८८० च्या जनगणनेचे आकडे जुळविण्यात सुमारे आठ वर्षे गेली. तेव्हा १८९० च्या गणनेसाठी हर्मन हॉलरिथ या अभियंत्याची छिद्रित कार्डे वापरण्यात आली. एका माणसाचे एक कार्ड. वय, जन्मस्थान, व्यवसाय यांसाठी ठरावीक जागी छिद्र. येथे एक नवी सोय झाली. कार्डांची तीच थप्पी आज वयाप्रमाणे आणि उद्या व्यवसायाप्रमाणे लावता येऊ लागली. मात्र कोणत्याही एका वेळी थप्पीचा क्रम एकच असे, आणि एक थप्पी एकाच यंत्रावर चाले. हॉलरिथची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या संयुक्त कंपनीने १९२४ मध्ये आयबीएम हे नाव धारण केले. हे नाव या हकिगतीत पुन्हा येणार आहे.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला युनिव्हॅक हा संगणक मिळाला आणि कार्डांच्या जोडीला चुंबकीय फीत आली. फितीचा गुण असा की तिच्यावर पुष्कळ मजकूर मावतो. दोष असा की मधले पान एकदम उघडता येत नाही. पगाराच्या फितीवर नोकरांची नावे क्रमांकाने लिहिलेली असत. महिन्याभरातले फरक त्याच क्रमाने लावून घ्यावयाचे, जुनी फीत पहिल्यापासून वाचीत जावयाचे, आणि दुरुस्त नोंदींची नवी फीत लिहावयाची. घोटाळा झाल्यास मागे जाता यावे म्हणून तीन पिढ्यांच्या फिती जपून ठेवीत. त्यांना आजोबा, बाप आणि मुलगा अशीच नावे होती. पद्धत ओबडधोबड होती, पण तीत एक शहाणपण होते. जुने पुसून नवे लिहिण्याचा प्रकार तिच्यात नव्हता.

खरी अडचण निराळीच होती. फितीवर नुसती अक्षरे असतात. पहिली सहा अक्षरे म्हणजे नोकराचा क्रमांक आणि पुढची तीस म्हणजे त्याचे नाव, हे ज्ञान फितीवर नसते. ते फीत वाचणाऱ्या आज्ञावलीत असते. पगाराच्या आज्ञावलीत ते एकदा लिहिलेले, प्राप्तिकराच्या आज्ञावलीत दुसऱ्यांदा, भविष्यनिर्वाह निधीच्या आज्ञावलीत तिसऱ्यांदा. नावाची जागा चार अक्षरांनी वाढवावयाची ठरली तर सगळ्या आज्ञावल्या शोधून दुरुस्त करणे प्राप्त. हे टाळण्यासाठी प्रत्येक खाते आपली स्वतंत्र फाइल ठेवू लागले. मग एकाच नोकराचा पत्ता तीन ठिकाणी तीन प्रकारचा दिसू लागला. वर्षाच्या आकड्यातली शेवटची दोनच स्थाने लिहिण्याची काटकसर याच काळातली. ती इतक्या आज्ञावल्यांत भिनली होती की २००० साल जवळ येताच जगभर लक्षावधी ओळी तपासाव्या लागल्या, आणि त्या तपासणीच्या कामावर भारतातील अनेक संगणक कंपन्यांनी बाहेरच्या जगात पाय रोवला.

१९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक या यंत्राबरोबर फिरत्या चकत्यांचा साठा बाजारात आणला. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे. आजच्या हिशेबाने ही नगण्यच म्हणावयाची. परंतु वहीचे हवे ते पान एकदम उघडण्याची सोय यंत्राला प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर लाभली. त्यानंतर एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखविणारी खूण माहितीतच लिहून ठेवावी, ही कल्पना सुचणे ओघानेच आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बॅकमन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ नावाची योजना उभी केली. तिच्यात आज्ञावली आणि माहिती यांच्यामध्ये एक तिसरा अधिकारी आला. जुन्या मराठी कारभारातला शब्द वापरावयाचा तर हा दप्तरदार होय. कोणी परस्पर दप्तराला हात लावावयाचा नाही. जे हवे ते दप्तरदाराकडे मागावयाचे. डेटाबेस या कल्पनेचा प्रारंभ येथे झाला असे मानतात.

त्याच सुमारास चंद्रावर माणूस उतरविण्याच्या अपोलो योजनेसाठी रॉकवेल कंपनी आणि आयबीएम यांनी मिळून आयएमएस नावाची दुसरी व्यवस्था तयार केली. अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याचे ते काम होते. ऑगस्ट १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिची रचना आपल्या वंशावळीसारखी होती : यंत्राखाली त्याचे मोठे भाग, त्यांखाली लहान भाग, त्यांखाली खिळेमोळे. वंशावळीत मूळ पुरुषापासून खाली उतरणे सोपे असते. परंतु अमुक घराण्याच्या लेकी कोणाकोणाकडे दिल्या, हे विचारले तर वंशावळ गप्प बसते. तो प्रश्न तिच्या फांद्यांवरून जात नाही. तसेच हा खिळा कोठे कोठे वापरला आहे, हे त्या रचनेला विचारणे अवघड होते. बॅकमन यांची रचना जाळ्याची असल्यामुळे अधिक मोकळी होती, पण जाळ्यातली प्रत्येक वाट आज्ञावली लिहिणाऱ्याला ठाऊक असावी लागे. बॅकमन यांना त्यात काही गैर वाटत नव्हते. १९७३ मध्ये ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी आज्ञावली लिहिणाऱ्यास नावाड्याची उपमा दिली, आणि ती गौरवाने दिली.

या नावाडीपणालाच हरकत घेणारा माणूस आयबीएमच्याच नोकरीत होता. एडगर कॉड यांचा जन्म १९२३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे झाला. ऑक्सफर्डला गणिताचा अभ्यास, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक, आणि १९४९ पासून अमेरिकेत आयबीएममध्ये नोकरी. सेनेटर मॅकार्थी यांनी चालविलेल्या छळवादाचा उबग येऊन ते १९५३ मध्ये कॅनडात निघून गेले व काही वर्षांनी परतले. सॅन होझे येथील प्रयोगशाळेत असताना जून १९७० मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अनेकांनी मिळून वापरावयाच्या मोठ्या माहितीपेढ्यांसाठी संबंधांवर आधारलेली रचना, असा त्याचा विषय. यंत्राच्या पोटात माहिती कशी मांडली आहे हे जाणून घेण्याची पाळी वापरणाऱ्यावर येऊ नये, ही भूमिका ते आरंभीच मांडतात.

त्यांनी दिलेले एक उदाहरण साधे पण मार्मिक आहे. काही कामे आहेत आणि त्यांना लागणारे काही सुटे भाग आहेत. ही माहिती वंशावळीच्या पद्धतीने पाच निरनिराळ्या प्रकारे मांडता येते : भागांखाली कामे, कामांखाली भाग, किंवा दोन्ही वेगळी ठेवून मध्ये दुवा. आता अमुक कामाला लागणाऱ्या भागांची यादी छापावयाची आहे. एक मांडणी गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली उरलेल्या चारांपैकी निदान तीन मांडण्यांवर चालत नाही, हे कॉड दाखवून देतात. माहिती तीच, प्रश्नही तोच. केवळ मांडणी बदलली आणि उत्तर बंद झाले.

त्यांचा उपाय इतका सरळ होता की पुष्कळांना तो आरंभी पोरकट वाटला असल्यास नवल नाही. सर्व माहिती साध्या कोष्टकांत लिहावी. ओळींना क्रम नसावा. एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध खुणेच्या बोटाने न दाखविता दोन्हींत असलेल्या समान मूल्याने दाखवावा. गावच्या दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर एक कोष्टक माणसांचे, एक गटांचे, आणि कोणाचा कोणत्या गटात किती हिस्सा आहे एवढेच सांगणारे तिसरे. सात-बारा आणि आठ-अ या मग स्वतंत्र वह्या राहत नाहीत. त्या एकाच साठ्याला विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे होतात. विहिरीचा तो तिसरा प्रश्नही त्याच साठ्याला विचारता येतो, मग कोष्टके आखणाऱ्याच्या मनात तो कधी आलेला नसला तरी चालते. काय हवे ते वापरणाऱ्याने सांगावे. कोणत्या वाटेने आणावे हे दप्तरदाराने पाहावे. संच आणि तर्क यांच्या गणितात हे सारे बसत असल्यामुळे उत्तर बरोबर आले की नाही याची कसोटीही हाताशी होती.

आयबीएमने या कल्पनेचे स्वागत उत्साहाने केले नाही. आयएमएस चांगली विकली जात होती, आणि चालत्या दुकानासमोर घरच्याच माणसाने दुसरे दुकान थाटावे हे कोणाला रुचणार? १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे कॉड आणि बॅकमन यांच्या पक्षांत जाहीर वादविवाद झाला. विरोधकांचा एक मुद्दा बिनतोड वाटे : वाट दाखविली नाही तर यंत्र सारी कोष्टके धुंडाळीत बसेल आणि उत्तराला तास लागतील. या मुद्द्याला वादात उत्तर देणे शक्य नव्हते. यंत्र चालवूनच दाखवावे लागले. सॅन होझेच्या प्रयोगशाळेतच ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रयोग सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्यासाठी इंग्रजीच्या वळणाची एक भाषा १९७४ मध्ये मांडली. तिचे ‘सीक्वेल’ हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारी हक्कामुळे सोडून द्यावे लागले आणि तिला एसक्यूएल म्हणू लागले. बॉइस त्याच वर्षी ऐन तारुण्यात मरण पावले. पुढे १९७९ मध्ये पट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दप्तरदाराने वाट कशी निवडावी याची रीत प्रसिद्ध केली. कोष्टकात ओळी किती, सूची कोणत्या स्तंभावर आहे, यांवरून प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजावा आणि सर्वांत स्वस्त वाट धरावी. नावाड्याचे काम आता यंत्रच करू लागले, आणि बहुतेक वेळा ते मनुष्याइतकेच चांगले करू लागले.

तिकडे बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी ‘इंग्रेस’ उभारले. १९७९ मध्ये, आज ओरॅकल या नावाने प्रसिद्ध असलेल्या कंपनीने एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस विकावयास काढला. आयबीएमने आपले पहिले तसे उत्पादन १९८१ मध्ये आणले. घरातल्या शोधाचा लाभ शेजाऱ्याने आधी उठविला. कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

येथवर प्रश्नाचा विचार झाला. परंतु फाइल अपुरी पडण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या देशात रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच कोठे दिसले असेल. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक गाडीची तारखेवार वही असे आणि ती एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असे. म्हणून अमुक गाडीची खिडकी निराळी, तमुक गाडीची निराळी. मधल्या स्थानकांना थोड्या जागांचा कोटा तोडून दिलेला. परतीची जागा हवी असल्यास तार करून उत्तराची वाट पाहावयाची. एका स्थानकाच्या कोट्यातल्या जागा रिकाम्या जात असताना दुसऱ्या स्थानकावर लोक रांगेत ताटकळत. १९८५ मध्ये दिल्लीला संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला, आणि एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीची जागा मिळू लागली. त्या यंत्रांच्या पोटात कोष्टके कॉडच्या पद्धतीची होती की नव्हती, हा येथे प्रश्न नाही. एक सामायिक वही शेकडो कारकुनांनी एकाच क्षणी लिहावी, ही गोष्ट महत्त्वाची.

ही गोष्ट बोलावयास सोपी आहे. दोन खिडक्यांवर दोन कारकून एकाच वेळी तीच शेवटची जागा रिकामी पाहतात. दोघेही ती देऊन टाकतात. किंवा बँकेत एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली. साध्या फाइलला याचे सोयरसुतक नसते. यावरचे उपाय शास्त्रशुद्ध रीतीने बसविण्याचे मोठे श्रेय जिम ग्रे यांना दिले जाते. १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. एक व्यवहार पुरा व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये. चालू असताना त्या नोंदीला कुलूप असावे. आणि मूळ नोंद बदलण्यापूर्वी तो बदल एका वेगळ्या रोजनाम्यात लिहिला जावा. यंत्र कोसळले तर रोजनामा वाचून पुन्हा उभे राहता येते. जानेवारी २००७ मध्ये ग्रे आपल्या शिडाच्या नावेतून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात एकटेच गेले आणि परत आले नाहीत. मोठा शोध घेऊनही त्यांचा थांग लागला नाही.

ग्रे यांचा रोजनामा म्हणजे आपली फेरफाराचीच वही होय, असे मला वाटते. सात-बारावर जी सद्यःस्थिती दिसते तिच्या शेजारी फेरफार क्रमांक लिहिलेला असतो, आणि त्या क्रमांकावरून बदल केव्हा, कशामुळे आणि कोणाच्या मंजुरीने झाला हे शोधता येते. यंत्राचा रोजनामा मात्र यंत्राच्या सोयीसाठी असतो. काम भागले की तो पुसून टाकण्यास हरकत नसते. नागरिकाच्या सोयीसाठी तो राखावयाचा असेल तर तशी योजना मुद्दाम करावी लागते. याचे महत्त्व वाटते त्याहून अधिक आहे. माहिती तीन ठिकाणी लिहिलेली असे तेव्हा तीन कागदांत विसंगती येई, हे खरे. परंतु त्या विसंगतीमुळेच चूक झाल्याचे कळे, आणि वकिलाला जुना उतारा पुढे करता येई. माहिती एकाच ठिकाणी आली की विसंगती संपते. चूक मात्र संपत नाही. ती सर्वत्र सारखीच दिसते आणि तिच्याविरुद्ध साक्ष देणारा कागद उरत नाही. संगणकावर चढविताना ज्याचे नाव गळले, त्याच्या दृष्टीने हा भेद पुस्तकी नाही.

आणखी एक परिणाम कॉड यांच्या निबंधात कोठेही लिहिलेला नाही, पण तो त्यातूनच निघतो. कधी कल्पनाही केली नव्हती असा प्रश्न जमिनीविषयी विचारता येतो, तसाच तो माणसांविषयीही विचारता येतो. शिधापत्रिकेसाठी दिलेली माहिती, रुग्णालयात दिलेली माहिती आणि प्रवासात दिलेली माहिती वेगवेगळ्या रुमालांत बांधलेली होती तोवर त्या गठ्ठ्यांचे अंतर हेच एक संरक्षण होते. समान क्रमांकाने कोष्टके जुळू लागली की ते अंतर नाहीसे होते. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती घेताना हेतू स्पष्ट सांगावा आणि त्या हेतूपुरतीच माहिती वापरावी, असे तत्त्व त्यात आहे. राज्यसंस्थेला त्यातून सुटीही बऱ्याच दिल्या आहेत. म्हणजे माहितीला तिच्या हेतूशी बांधणारी जी गाठ १९७० मध्ये सोडविली गेली, तीच आता कायद्याने पुन्हा मारावयाची आहे. दप्तरदाराच्या भाषेत त्यासाठी दोन आज्ञा पूर्वीपासून आहेत, ‘ग्रँट’ आणि ‘रिव्होक’. अधिकार देणे आणि काढून घेणे. अमुक कोष्टक कोणी पाहावे हे त्या आज्ञांनी सांगता येते. ते कशासाठी पाहावे, हे सांगण्याची सोय त्यांत नाही.